हप्ते किती उरले?

अंबरनाथ पूर्वेला किंवा बदलापुरात कात्रप-बेलवलीकडे वन बीएचके घेण्यासाठी वीस लाखांचं कर्ज काढलं, मुदत वीस वर्षं, दर साडेआठ टक्के, तर हप्ता बसतो १७,३५६ रुपयांचा. पाच वर्षं एकही हप्ता न चुकवता भरला, तर बँकेत गेलेली रक्कम होते १० लाख ४१ हजार. त्यातून मुद्दल किती कमी झालं? २ लाख ३७ हजार. दहा वर्षांनी, म्हणजे निम्मी मुदत संपल्यावरही चौदा लाख शिल्लक असतात. निम्मं मुद्दल फिटायला चौदा वर्षांना दोनच महिने कमी लागतात. तोवर पहिलीत घातलेलं पोर कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या उंबरठ्यावर पोचलेलं असतं.

यात कोणी फसवलेलं नाही. पहिल्या महिन्यात वीस लाखांवर साडेआठ टक्क्यांनी १४,१६७ रुपये व्याज होतं, ते आधी वळतं होतं आणि मुद्दलाच्या वाट्याला ३,१९० रुपये येतात. मुद्दल जसं घटतं तसं व्याज घटतं आणि मुद्दलाचा वाटा वाढत जातो. पहिल्या पाच वर्षांत २ लाख ३७ हजार फिटले, तर शेवटच्या पाच वर्षांत त्याच हप्त्यात साडेआठ लाखांच्या आसपास फिटतात. गणित चोख आहे. फक्त माणसाला दम हवा असतो सुरुवातीला, आणि कर्जाचा आकडा हलताना दिसतो शेवटी.

कर्ज फेडताना धीर सुटतो तो बहुतेक वेळा इथे. लोक त्याला आळस म्हणतात, उधळेपणा म्हणतात, ‘आजच्या पिढीला काटकसर नको’ म्हणतात. मला ते पटत नाही. पाच वर्षं पगाराचा निम्मा भाग देऊन आठवा हिस्साही फिटलेला दिसत नसेल, तर कोणाचाही हात ढिला पडेल.

कल्याणच्या पुढची उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन गावं या प्रश्नाची खास जागा आहेत. उल्हासनगर फाळणीनंतर लष्करी छावणीच्या बराकींमध्ये आलेल्या सिंधी निर्वासितांनी उभं केलं. अंबरनाथ शिलाहारांच्या अकराव्या शतकातल्या शिवमंदिराचं गाव. विसाव्या शतकात ते काडेपेटीच्या कारखान्याचं, ऑर्डनन्स फॅक्टरीचं आणि पुढे एमआयडीसीचं झालं. बदलापूर तर कालपर्यंत शेतीचं. त्या कारखान्यांच्या पिढीत अनेकांनी अख्खी नोकरी क्वार्टरमध्ये किंवा चाळीत काढली आणि घर घेतलं ते निवृत्तीच्या वेळी, फंडाच्या पैशातून. आताची पिढी उलट्या टोकाने सुरू करते. आधी घर, मग वीस वर्षं पैसे. परळ-लालबागच्या दहा बाय दहाच्या खोलीतून, डोंबिवलीच्या भाड्याच्या घरातून माणूस इथे येतो, कारण हप्ता इथेच परवडतो. परवडतो म्हणजे अगदी काठावर. त्यात सोसायटीचा मेंटेनन्स, रेल्वेचा पास, मुलांच्या फिया आणि गावाकडचं एखादं दुखणं. हजारभर रुपये इकडे-तिकडे झाले तरी महिन्याची पंचवीस तारीख जड जाते.

मे २०२२ मध्ये याच लोकांवर एक वेगळाच प्रसंग आला, आणि तो फार थोड्यांना वेळेवर कळला. रिझर्व्ह बँकेने ४ मे २०२२ पासून रेपो दर वाढवायला सुरुवात केली. ४ टक्क्यांचा दर फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहा टक्क्यांवर गेला. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जं बाहेरच्या दराला, बहुतेक ठिकाणी रेपोलाच, बांधलेली असल्यामुळे ही वाढ जशीच्या तशी कर्जदाराच्या खात्यात उतरली. पण हप्ता मात्र तोच राहिला. बँकांनी बहुतेक वेळा हप्ता वाढवण्याऐवजी मुदत वाढवली. दर महिन्याला खात्यातून तेवढेच पैसे जात होते, म्हणून घरात कोणाच्या काही लक्षात आलं नाही.

यात काय घडलं ते आकड्यांतच पाहावं लागतं. समजा वीस लाखांचं कर्ज सात टक्क्यांनी, वीस वर्षांसाठी घेतलं. हप्ता १५,५०६ रुपये. वर्षभर भरल्यावर शिल्लक राहिली १९ लाख ५२ हजार, आणि दर साडेनऊ टक्के झाला. आता महिन्याचं व्याजच होतं १५,४५७ रुपये. हप्ता तोच ठेवला तर मुद्दलातून जातात जेमतेम पन्नास रुपये. या गतीने कर्ज फिटायला सुमारे साठ वर्षं लागतील. कल्याण गेलं, विठ्ठलवाडी गेलं, उल्हासनगर गेलं आणि अंबरनाथ स्टेशनच पुढे सरकत राहिलं, अशी ही गत. प्रत्यक्षात इतकी लांब मुदत कुठलीच बँक देत नाही. निवृत्तीचं वय आडवं आलं की हप्ता वाढवावाच लागतो. पण ज्यांनी एखाद्या संध्याकाळी सहज बँकेचं ॲप उघडलं आणि दोनशे अठ्ठावीस हप्त्यांच्या जागी तीनशेच्या वरचा आकडा पाहिला, त्यांच्या मनाचं काय झालं असेल ते सांगायला नको.

या तक्रारी इतक्या वाढल्या, की १८ ऑगस्ट २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेला परिपत्रक काढावं लागलं. त्यातल्या तीन गोष्टी प्रत्येक कर्जदाराने पाठ कराव्यात. दर बदलला की हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे निवडण्याचा पर्याय कर्जदाराला द्यायला हवा. आणि मुदत वाढवताना हप्ता व्याजालाही पुरत नाही अशी वेळ येऊ देता कामा नये. तिसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. दर तिमाहीला कर्जदाराला विवरण मिळालं पाहिजे. आजवर मुद्दल किती वसूल झालं, व्याज किती, हप्ता किती, हप्ते किती उरले आणि वार्षिक दर किती, हे सगळं त्यात असलं पाहिजे. बहुतेकांच्या ईमेलमध्ये हा कागद न उघडता पडलेला असतो.

‘हप्ते किती उरले’ हा त्यातला आकडा कर्जदाराने आपला मानावा. शिल्लक रुपयांचा आकडा पाहून जीव दडपतो. महिन्यांचा आकडा हलवता येतो, आणि तो हलतो तेव्हा दिसतो.

कसा हलतो ते वरच्याच उदाहरणात, साडेआठ टक्क्यांच्या कर्जात पाहू. पहिल्या वर्षाच्या शेवटी बोनसमधून २५,००० रुपये मुद्दलात भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर शेवटचे सात हप्ते गळतात. व्याजाचे जवळजवळ ९७ हजार वाचतात. हेच २५,००० दहाव्या वर्षी भरले तर तीन-साडेतीन हप्ते गळतात. म्हणजे ज्या काळात कर्ज हलत नाही असं वाटतं, त्याच काळात लहान रक्कम सर्वांत जास्त काम करते. पहिल्या महिन्यापासून फक्त १,००० रुपये जादा भरत गेलं तर २४० ऐवजी २१० हप्त्यांत कर्ज निल होतं, आणि तीन लाखांहून जास्त व्याज वाचतं.

असं पार्ट पेमेंट करताना काउंटरवर एक वाक्य स्पष्ट बोलावं लागतं, किंवा अर्जात लिहावं लागतं: ‘हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा.’ काही ठिकाणी न सांगता हप्ता कमी केला जातो. दोन-तीनशे रुपयांनी उतरलेला हप्ता महिन्याच्या खर्चात विरघळून जातो आणि भरलेल्या रकमेचं सुख कुठेच दिसत नाही. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर बँकांनी मुदतपूर्व परतफेडीचा दंड घ्यायचा नाही, हे रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच सांगितलं आहे. तेव्हा दंडाची भीती नको.

उरलेले महिने मोजण्यात नुसती मनाची समजूत नाही. ध्येय जवळ आलं की प्रयत्न वाढतो, ही गोष्ट अमेरिकी मानसशास्त्रज्ञ क्लार्क हल यांनी १९३२ मध्ये उंदरांच्या प्रयोगांवरून मांडली होती. २००६ मध्ये जोसेफ न्यून्स आणि झेव्हिये द्रेझ यांनी ती माणसांवर पडताळली, तीही एका गाड्या धुण्याच्या दुकानात. काही गिऱ्हाइकांना आठ शिक्क्यांचं कार्ड दिलं. आठ झाले की एक धुणं फुकट. काहींना दहा शिक्क्यांचं दिलं, पण त्यावर दोन शिक्के आधीच मारलेले. मेहनत दोन्हीकडे आठचीच. पहिल्या गटात १९ टक्के लोकांनी कार्ड पूर्ण केलं, दुसऱ्या गटात ३४ टक्क्यांनी. काहीतरी झालेलं आहे, हे दिसलं की माणूस पुढे जातो. गृहकर्जाच्या रचनेत पहिली सात-आठ वर्षं नेमकं हेच दिसत नाही. म्हणून ते स्वतः दिसतं करून घ्यावं लागतं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर कॅलेंडर असतंच. तिमाहीला एकदा त्यावर उरलेल्या हप्त्यांचा आकडा लिहिला तरी पुरे.

रोज मात्र पाहू नये. पैशांची चणचण डोक्यावरच भार टाकते, असं सांगणारा एक गाजलेला अभ्यास आपल्याच देशातला आहे. आनंदी मणी, सेंधिल मुल्लाइनाथन, एल्डार शफीर आणि जियायिंग झाओ यांनी तमिळनाडूतल्या ४६४ ऊस शेतकऱ्यांना तोडणीच्या आधी आणि पैसे हाती आल्यानंतर तेच बुद्धीचे प्रश्न घातले. तोच माणूस, पण चणचणीच्या दिवसांत उत्तरं कच्ची. हे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. नंतर त्यावर वाद झाले, पण ज्याने महिनाअखेर काढली आहे त्याला मूळ मुद्दा ओळखीचा वाटेल. अशा डोक्याकडून रोजचा पै-पैचा हिशेब मागणं चुकीचं आहे. पगाराच्या दुसऱ्या दिवशी जादा हजार रुपये आपोआप वळते होतील अशी सूचना बँकेला एकदा द्यावी आणि विसरून जावं.

पण ते हजार रुपये आणायचे कुठून? इथे बहुतेक सल्लागार चहावर घसरतात. बाहेरचा चहा सोडा, वडापाव सोडा, महिन्याला हजार वाचतील. सकाळी अंबरनाथ लोकल गाठून उभ्याने जाणाऱ्या आणि रात्री परतणाऱ्या माणसाचा एक चहा काढून घेणं हा सल्ला नाही, शिक्षा आहे. आणि शिक्षा वीस वर्षं टिकत नाही. तंग घरात जादा पैसे रोजच्या खर्चातून क्वचितच निघतात. ते वर्षातल्या ठरावीक क्षणी येतात: दिवाळीचा बोनस, वाढीव पगाराची थकबाकी, भिशीचा नंबर. आणि सर्वांत खात्रीचा क्षण म्हणजे घरातला दुसरा एखादा हप्ता संपतो तो महिना.

कारण या भागातल्या घरात एकच कर्ज क्वचित असतं. घराचं मोठं, शिवाय गाडीचं, मोबाइल किंवा फ्रिजचं, कारखान्याच्या पतपेढीचं, सोन्यावरचं, आणि अडीनडीला क्रेडिट कार्डाचं. मेव्हण्याकडून घेतलेले हातउसने तर कुठल्याच कागदावर नसतात. यातलं आधी कोणतं फेडायचं? शुद्ध गणित सांगतं की सर्वांत जास्त दराचं आधी. मन सांगतं की सर्वांत लहान आधी, म्हणजे एक तरी बोजा उतरेल. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या डेव्हिड गॅल आणि ब्लेकली मॅकशेन यांनी २०१२ मध्ये कर्जात बुडालेल्या अमेरिकी ग्राहकांच्या नोंदी तपासल्या. जे लोक एकेक खातं बंद करत गेले, ते पूर्ण कर्जमुक्त होण्याची शक्यता जास्त निघाली, मग बंद केलेल्या खात्यांची रक्कम कितीही असो. सिंगापूरमध्ये एका धर्मादाय संस्थेने गरीब कर्जदारांची कर्जं फेडली, तेव्हा संशोधकांनी १९६ जणांची आधी आणि नंतर चाचणी घेतली. तेवढ्याच पैशात ज्यांची जास्त खाती बंद झाली, त्यांची चिंता जास्त उतरली आणि निर्णयही सुधारले. २०१९ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

तरी माझं मत थोडं वेगळं आहे. क्रेडिट कार्डाला या चर्चेत घेऊच नये. महिन्याला तीन-साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या घरातलं व्याज आहे ते. कार्डाची थकबाकी असेल तर बाकी सगळं थांबवून ती आधी. त्यानंतर मात्र खुशाल लहानापासून सुरुवात करावी. मोबाइलचा हप्ता संपला की तेच पैसे गाडीच्या हप्त्याला जोडावेत, गाडी संपली की दोन्ही मिळून पतपेढीला, आणि शेवटी सगळं घराच्या कर्जात. हे पैसे आधीपासून बाहेरच जात होते, त्यामुळे घरात कोणाला काही सोडल्यासारखं वाटत नाही. गृहकर्ज शेवटी यावं, कारण या यादीत सर्वांत स्वस्त तेच असतं. फक्त हप्ता संपलेल्या महिन्यात दुसरी वस्तू ‘झिरो कॉस्ट’वर घरात आली, की ही साखळी तुटते. मोह तेव्हाच सर्वांत मोठा असतो.

पतपेढीबद्दल थोडं वेगळं बोलायला हवं. पगारदारांच्या सहकारी पतसंस्थेचा हप्ता पगारातून परस्पर कापला जातो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ मध्ये तशी तरतूद आहे. कापून आलेला पगार हाच पगार अशी सवय होते, आणि म्हणूनच हे कर्ज सहसा थकत नाही. शिवाय जामीनदार सहकारी असतो, शेजारच्या मशीनवर उभा असतो. आपला हप्ता चुकला तर त्याच्या पगाराला हात लागतो. ही लाज बँकेच्या नोटिशीपेक्षा जास्त काम करते. भिशीतही तेच बळ आहे, फक्त तिला कायद्याचं संरक्षण नाही. भिशी ओळखीच्या, मोजक्या माणसांतच ठेवावी आणि नंबर लागेल त्या दिवशी ती रक्कम कुठे जाणार हे आधी ठरवावं.

सगळं कर्जातच ओतायचं का? नाही. २६ जुलै २००५ च्या पुरात या पट्ट्यातल्या तळमजल्यांचं काय झालं ते जुन्या रहिवाशांना विचारा. २७ जुलै २०१९ ला तर उल्हास नदीच्या पाण्यात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान अडकली होती. एका रात्रीत फ्रिज, गादी, मुलांची पुस्तकं जातात आणि माणूस कार्ड काढतो. दोन-तीन हप्त्यांइतकी रक्कम बचत खात्यात पडून असू द्यावी, तिच्यावर व्याज कमी मिळालं तरी. एकदा कार्ड निघालं, की ‘आता काय, बिघडलंच’ म्हणत आणखी खर्च होतो, आणि तीन वर्षांची शिस्त तीन महिन्यांत जाते.

नोकरीच गेली, कारखाना बंद पडला, तर हप्ता चुकण्याच्या आधी बँकेत जावं. नव्वद दिवस थकलं की खातं अनुत्पादित ठरतं आणि २००२ च्या सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस येऊ शकते. त्याआधी हप्ता पुढे ढकलणं, मुदत वाढवणं यावर बोलता येतं. नंतर बोलायला फार जागा उरत नाही. वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही, हाही रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. शिवीगाळ, शेजाऱ्यांत बदनामी असं काही झालं तर तक्रार लेखी करावी.

‘कर्ज लवकर फेडू नका, टॅक्स वाचतो’ असं सांगणारा एक सहकारी प्रत्येक ऑफिसात असतो. त्याला एक प्रश्न विचारावा. नव्या करपद्धतीत २०२५-२६ पासून बारा लाखांपर्यंतच्या पगाराच्या उत्पन्नावर करच लागत नाही, आणि त्या पद्धतीत स्वतः राहत्या घराच्या व्याजाची वजावटही नाही. मग वाचतो तो कुठला टॅक्स? काठावर हप्ता भरणाऱ्या बहुतेक घरांचं उत्पन्न त्या मर्यादेच्या खूप खाली असतं.

मग वारा उलटला. फेब्रुवारी २०२५ मध्ये रेपो दर उतरू लागला आणि डिसेंबर २०२५ मध्ये सव्वापाच टक्क्यांवर आला. २०२२ मध्ये जी मुदत वाढली होती ती आता कमी व्हायला हवी. आपली झाली का, हे तपासायला हवं. कर्ज जुन्या पद्धतीच्या दराला बांधलेलं असेल तर ते रेपोला जोडून मागता येतं, आणि नव्या ग्राहकाला आपल्याहून कमी दर मिळत असेल तर आपलाही कमी करा असा अर्ज करता येतो. थोडी फी लागते. हप्ता कमी करून घेण्याचा मोह मात्र टाळावा.

आणि एक दिवस कर्ज निल होतं. त्या दिवशी लोक पेढे वाटतात आणि कागद बँकेतच विसरतात. महाराष्ट्राला कर्जाच्या कागदाची ताकद फार जुन्या काळापासून माहीत आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी सावकारांविरुद्ध उठले, तेव्हा त्यांना सर्वांत आधी हवी होती ती कर्जरोख्यांची बाडं. ती त्यांनी जाळली. आता कागद परत मिळवण्यासाठी नियम आहे. उल्हासनगरच्या दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेला मूळ करारनामा, बिल्डरच्या पावत्या, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट हे सगळं यादीशी ताडून घ्यावं. ना-देय प्रमाणपत्र घ्यावं, सोसायटीत बँकेचा बोजा काढून टाकण्याचं पत्र द्यावं, सेरसाईच्या तारण-नोंदणीतून आपल्या घरावरचा बोजा उतरल्याची आणि सिबिलमध्ये खातं ‘बंद’ दिसत असल्याची खात्री करावी. पूर्ण परतफेडीनंतर तीस दिवसांत बँकेने मूळ कागदपत्रं परत करायला हवीत. बँकेच्या चुकीमुळे उशीर झाला तर १ डिसेंबर २०२३ पासून उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५,००० रुपये भरपाई कर्जदाराला द्यावी लागते.